रोजकीर्दीत खाडाखोड नसते : डेटाबेसच्या कामात येणाऱ्यांसाठी

२००२ साली सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका घाऊक किराणा पेढीसाठी मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला. बी.कॉम. नुकतंच झालं होतं, एका क्लासमध्ये फॉक्सप्रो, म्हणजे तेव्हाचं डेटाबेसचं एक सॉफ्टवेअर, शिकलो होतो. बिलं, उधारी, वसुली एवढंच काम होतं. पेढीचे दिवाणजी साठीच्या पुढचे. त्यांना मी मोठ्या उत्साहाने दाखवलं की कुठल्याही तारखेचं बिल उघडा, रक्कम बदला, सेव्ह करा, झालं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि आधी काय लिहिलं होतं, ते कुठं दिसतंय?"

ते कुठेच दिसत नव्हतं. दिवाणजींनी लाल कापडाच्या बांधणीची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, उघडून माझ्यासमोर ठेवली. एका गिऱ्हाइकाचे १,२५० रुपये चुकून दुसऱ्याच्या नावे पडले होते. ती ओळ तशीच होती. तीन दिवसांनंतरच्या पानावर तेवढ्याच रकमेची उलटी नोंद, खाली कारण आणि सही. "कीर्दीत खोडायचं नसतं बाळ. चुकलं तर उलटी नोंद करायची. म्हणजे चूकबी दिसती आणि दुरुस्तीबी."

या धंद्यात मला जे काही कळलं त्याचा पाया ते पान आहे. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहायचा, त्यावरून खतावणी करायची, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यात नोंद न्यायची, खतावणीवरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी काढून जमा-नावे जुळतं का पाहायचं. चांगल्या बिझनेस सॉफ्टवेअरचा डेटाबेस अगदी असाच असतो. व्यवहारांचं टेबल म्हणजे रोजकीर्द. खात्यांच्या शिल्लक रकमा आणि रिपोर्ट त्यातून निघतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, असा नियम झाला. तेव्हा कितीतरी टीमना जुनी टेबलं उघडून बसावं लागलं. दिवाणजींनी मला ते एकवीस वर्षं आधी सांगितलं होतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की कॉमर्सचे असाल तर कमीपणा मानू नका, आणि इंजिनिअर असाल तर दुहेरी नोंदपद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे लिहिणं, महिनाभर बसून शिका. जमा-नावे कळत नसेल तर नुसतं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, फार लांब नेत नाही.

भाषा बदलतात, त्याची धास्ती मलाही होती. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतलं आणि २००७ मध्ये जाहीर केलं की नववी आवृत्ती शेवटची. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, आता संपलं. मी त्याच वर्षी पुण्याला आलो, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर काम शिकलो, पुढे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर. टेबलं, चाव्या (प्रत्येक ओळ ओळखायचे रकाने), टेबलांमधली नाती कशी मांडायची ही माझी समज तशीच्या तशी उपयोगी पडली, कारण या सगळ्याच्या मुळाशी असलेला रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत मांडायचा विचार संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्येच मांडून ठेवला आहे. स्क्रीन करायची साधनं दर पाच-सात वर्षांनी नवी येतात. टेबलांची शिस्त मुरवून घ्या, ती टिकते.

पुण्यात पहिली नोकरी भोसरीतल्या कारखान्यांसाठी ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, करणाऱ्या छोट्या कंपनीत मिळाली. तिथे मी स्टोअरमध्ये बसायला शिकलो. कास्टिंग मशिनिंगला एका शेडमध्ये जातं, तिथून प्लेटिंगला दुसरीकडे, मग परत येतं. बाहेरून करून घ्यायच्या अशा कामाला जॉबवर्क म्हणतात. मालासोबत जाणाऱ्या त्याच्या चलनाला, म्हणजे कागदाला, जुने लोक अजून 'सत्तावन्न-एफ-फोर' म्हणतात. एक्साइजचा तो नियम कधीच गेला, नाव राहिलं. माल आपला, पण दुसऱ्याच्या दारात. तो स्टॉकमध्ये धरायचा की नाही, धरायचा तर कुठे, हे कुठल्या पुस्तकातून नाही, स्टोअरकीपरकडून कळलं.

तिथलीच एक गोष्ट नीट सांगतो. बुश नावाच्या एका सुट्या भागाचा स्टॉक संगणकावर ४६० आणि रॅकमध्ये ४००. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मालकांचा सूर बदलला आणि स्टोअरच्या माणसावर संशय घेतला जाऊ लागला. मी दोन दिवस त्याच्या शेजारी बसलो. दोन काउंटरवरून एकाच वेळी माल जात होता. दोन्ही संगणकांनी शिल्लक वाचली ५००. एकाने ६० दिले आणि ४४० लिहिले. दुसऱ्याने ४० दिले आणि त्याच्या हिशेबाने ४६० लिहिले. शेवटचं लिहिणाऱ्याने आधीचं पुसलं. चूक माझ्या कोडमध्ये होती: शिल्लक वाचायची, वजाबाकी करायची, परत लिहायची. माल देण्याची प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीत ठेवून शिल्लक त्यावरून काढली असती, किंवा वजाबाकी डेटाबेसलाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्ये दुसऱ्याला हात घालता येणार नाही अशी, करायला लावली असती, तर एका प्रामाणिक माणसावर तीन आठवडे बोट रोखलं गेलं नसतं. मी त्याच्याकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की चूक सॉफ्टवेअरची होती. तुमच्या कोडमागे कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी अब्रू उभी असते, हे मला त्या स्टोअरमध्ये कळलं.

कराचा धडाही महागात पडला. सांगलीच्या पेढीचं काम मी पुण्यातूनही बघत होतो. २००५ मध्ये व्हॅट आला तेव्हा ४ आणि साडेबारा हे दर मी थेट कोडमध्ये लिहून ठेवले. १ एप्रिल २०१० ला ४ चे ५ झाले. मी सगळीकडे बदल केला आणि जुनं बिल पुन्हा छापलं की ते ५ टक्क्यांनी निघायला लागलं. तेव्हापासून दरांचा वेगळा तक्ता, त्यात 'कधीपासून'चा रकाना, आणि बिलावर त्या दिवशी लागलेला कर रुपयांत कायमचा जतन. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला तेव्हा काम खूप होतं, पण जुनी बिलं जागची हलली नाहीत. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन महिन्याच्या मध्यात दर बदलले, तेव्हा आमच्याकडे फक्त तक्त्यात ओळी वाढल्या. रकमेच्या रकान्यासाठी नेहमी डेसिमल प्रकार वापरा, आकडा अंदाजे साठवणारा फ्लोट कधीही नको. पैशांचा फरक वर्षअखेरीला तेरीज जुळू देत नाही.

बॅकअपबद्दल थोडक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. पेढीचा संगणक तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. सीएंच्या ऑफिसातली जूनअखेरची प्रत आणि बिलांच्या कार्बन कॉप्यांवरून आम्ही दीड महिना बसून पुढचं सगळं पुन्हा भरलं. बॅकअप दुसऱ्या गावी ठेवा आणि दर महिन्याला तो दुसऱ्या मशीनवर चढवून, उघडून बघा.

आता या क्षेत्रात वाटा बऱ्याच आहेत. कुणी डेटाबेस सांभाळतो, कुणी ग्राहकाकडे जाऊन ईआरपी बसवतो, कुणी फक्त रिपोर्ट लिहितो. माझ्या मते सुरुवातीची दोन वर्षं सपोर्टमध्ये काढावीत, कमी प्रतिष्ठेचं वाटलं तरी. मार्चअखेरीला अकाउंटंटचा फोन घेतल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून द्यायला आता एआय आहे, मीही वापरतो. यंदा आमच्याकडे आलेल्या एका मुलीने त्याच्या मदतीने विक्रीचा रिपोर्ट केला. दिसायला सुबक, चालायला वेगवान, पण विक्री खऱ्यापेक्षा बरीच जास्त. मी उत्तर सांगितलं नाही. एक गिऱ्हाईक निवड, त्याची महिन्याची बिलं कागदावर मांड आणि हाताने बेरीज कर, एवढंच म्हणालो. अर्ध्या तासाने ती वही घेऊन आली. एका बिलाचे पैसे तीन हप्त्यांत आले होते. बिल आणि वसुली जोडताना ते बिल तीन ओळींत येऊन तीनदा मोजलं गेलं होतं. तिने तीन ओळींभोवती पेन्सिलने गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'आधी वसुलीची बेरीज, मग जोड.'