कॅम्पर व्हॅनचा फ्रीज पहाटे बंद पडतो? अर्थची वायर तपासा

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन ते केर्न्स, चौघं मित्र, भाड्याची जुनी टोयोटा हायएस. लक्षण असं: दिवसभर गाडी चालवूनही फ्रीज पहाटे बंद, आतले दिवे मिणमिणते. इंजिन मात्र एका झटक्यात सुरू.

फ्रीज कमी थंडीवर ठेवला, फोनचं चार्जिंग थांबवलं. कॅम्पिंगच्या जागी गाडी रात्रभर 240 व्होल्टच्या विजेवर लावली की सगळं ठीक, पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच. चौघांचंही डोकं फिरलं होतं.

बंडाबर्गला स्वस्तातला मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू ठेवून मोजलं: गाडीच्या बॅटरीवर 14.2 व्होल्ट, फ्रीजच्या बॅटरीवर 12.1. तिथेही 13.5 च्या वर हवेत. म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा मधला स्विच, रिले, जोडतच नव्हता (तो साधारण 13.3 ला जोडतो, 12.8 ला तोडतो). फ्यूज शाबूत. रिलेची बारीक काळी अर्थची वायर बॉडीला जिथे स्क्रूने बसते, तिथे हिरवट-पांढरा थर. खाऱ्या हवेचा प्रताप!

भाड्याची गाडी, म्हणून आधी मालकाला फोन करून परवानगी घेतली. मग इंजिन बंद, चावी बाहेर. दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढली. स्क्रू काढून वायरची रिंग आणि खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. नुसतं पुसून भागत नाही. स्क्रू घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन. निगेटिव्ह परत लावून इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात रिलेचा ‘टक्’ आवाज, आणि फ्रीजच्या बॅटरीवर 13.9.

‘टक्’ आलाच नाही, तर बहुधा रिलेच बदलावा लागेल.