सपोर्ट संपलेली विंडोज वापरायचीच असेल, तर या चुका टाळा

विंडोज ७ चा अधिकृत सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, पैसे भरून मिळणारी कंपन्यांसाठीची मुदतवाढही १० जानेवारी २०२३ रोजी संपली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० सुद्धा त्याच रांगेत जाऊन बसली. तरीही गिरगावातले छापखाने, दादरची डीटीपीची दुकाने, गृहनिर्माण सोसायट्यांची कार्यालये आणि जुने दवाखाने येथे रोज सकाळी विंडोज ७ ची तीच ओळखीची खिडकी उघडते. याला केवळ कंजूसपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेले असतात, फॉन्टचे सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, मशीनला लावल्याशिवाय उघडत नाही आणि ज्या स्कॅनरवर जुनी चित्रे घ्यायची त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर, विंडोज ७ च्या पुढे कधी आलेलाच नसतो. अशी मशीन सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे जुने मशीन बंद पडते ते बहुधा त्याच्या वयामुळे नव्हे, तर त्याच्याकडून नव्या मशीनची सगळी कामे करून घेण्याच्या हट्टामुळे. त्याला जे एक काम नीट येते तेवढेच द्यावे आणि बाकीची कामे, विशेषतः इंटरनेटची, त्याच्याकडून काढून घ्यावीत. पुढच्या बहुतेक चुका हे न केल्यामुळे होतात.

“चालतेय ना, मग कशाला हात लावायचा?” हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या देते. नव्या विंडोजमधला बराचसा कोड जुन्या विंडोजमधूनच आलेला असल्यामुळे, नव्यात कोणते भोक बुजवले हे पाहून जुन्यात तेच भोक अजून उघडे आहे का, हे जाणकार हल्लेखोराला शोधता येते. म्हणजे मशीन जसेच्या तसे राहिले तरी त्याच्याभोवतीचा धोका दर महिन्याला वाढत जातो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच उपलब्ध झालेली होती. बाधित झालेल्या यंत्रांत बहुतांश यंत्रे विंडोज ७ ची होती आणि त्यांना ती दुरुस्ती मिळत असूनही कोणी लावलेली नव्हती. म्हणून पहिले काम असे की, सपोर्ट संपण्यापूर्वी जेवढे अपडेट निघाले तेवढे सगळे मशीनमध्ये आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. केवळ अँटिव्हायरस नवा आहे यावर विसंबून राहू नये, कारण तो ओळखीचा चोर पकडतो, उघडे राहिलेले दार त्याला लावता येत नाही.

फॉरमॅट मारण्याची घाई

मशीन हळू झाले की “काका, एकदा फॉरमॅट मारूया, नव्यासारखे होईल” असा सल्ला हमखास मिळतो. नव्या मशीनला तो चालून जातो, पण सपोर्ट संपलेल्या मशीनच्या बाबतीत यापेक्षा महागात पडणारा सल्ला मला माहीत नाही. लालबागमध्ये पत्रिका छापणाऱ्या एका गृहस्थांकडे ऐन लग्नसराईत असेच झाले. विंडोज अर्ध्या तासात पुन्हा बसली. मात्र त्यानंतर अपडेट मिळेनात, स्कॅनर ओळखेना, आणि फॉन्टच्या सीडीला कपाटात राहून बुरशीचे ठिपके पडलेले. मी गेलो तेव्हा ते ती सीडी हातात तिरकी धरून उजेडात पाहत होते आणि शेजारी पंचवीस पत्रिकांची कच्ची प्रुफे तशीच पडून होती.

अपडेट न मिळण्याचे कारण अगदी ठरावीक आहे. मायक्रोसॉफ्टने पुढे आपल्या अपडेटवरची डिजिटल सही शा-१ ऐवजी शा-२ पद्धतीने करायला सुरुवात केली आणि ताजी बसवलेली विंडोज ७ ही नवी सही ओळखत नाही. अशा वेळी मशीनवर सर्व्हिस पॅक १ आहे याची खात्री करावी, मग दुसऱ्या, सुरक्षित मशीनवरून मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावर जाऊन आधी केबी ४४९०६२८ आणि त्यानंतर केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट उतरवून घ्यावीत, याच क्रमाने हाताने बसवावीत आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करावे. यानंतरच अपडेटचा शोध मार्गी लागतो. उतरवताना ३२ बिट की ६४ बिट हे पाहायला विसरू नये, अर्धा दिवस त्यातच जातो.

खरे तर फॉरमॅटची वेळच येऊ देऊ नये. हळू झालेल्या मशीनचा दोष बहुतेक वेळा विंडोजचा नसून थकलेल्या हार्ड डिस्कचा असतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती ‘स्मार्ट’ माहिती वाचणारे एखादे छोटे सॉफ्टवेअर चालवून पाहावे. खराब झालेल्या सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर त्याच दिवशी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत साटा जोडणीच्या एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) घ्यावी. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून सुरू होते आणि विंडोज, फॉन्ट, ड्रायव्हर, सगळी मांडणी यांसह पूर्ण डिस्क उचलते. नवी डिस्क जुनीपेक्षा आकाराने लहान नसावी एवढे पाहावे. विंडोज ७ ला एसएसडी नीट वापरता येते, तिच्या आधीच्या विंडोज एक्सपीला मात्र एसएसडीची निगा राखणारी ट्रिमची सोय नाही.

बॅकअप म्हणून केवळ ‘माय डॉक्युमेंट्स’ची प्रत घेणे ही याच जातीची चूक आहे. फाइली राहतात, पण त्या उघडणारे मशीन राहत नाही. पूर्ण डिस्कची प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून एकदा तरी चालू करून पाहावी. न तपासलेली प्रत ऐनवेळी उघडेल अशी खात्री मी कोणालाही देत नाही.

“कनेक्शन सुरक्षित नाही” असे आले की

ही तक्रार आली की लोक ब्राउझर काढतात, पुन्हा टाकतात, राउटर बंद-चालू करतात आणि शेवटी इशारा ओलांडून पुढे जायला शिकतात. ही शेवटची सवय सगळ्यांत वाईट. आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो आणि मशीन बंद असताना घड्याळ त्यावर चालते. दुकान वाढवताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे पद्धत असल्यामुळे हा सेल रात्रभर एकटा काम करतो आणि काही वर्षांत संपतो. मग सकाळी मशीन स्वतःला पंधरा वर्षे मागच्या तारखेत समजते, आणि त्या तारखेला अस्तित्वातच नसलेले, संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रत्येक प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते. वीज पूर्ण तोडून, बाजूचे झाकण काढून, सेलची खुणेची बाजू वर ठेवून नवा सेल बसवावा. सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत, तारीख आणि वेळ भरावी, आणि डिस्क जोडण्याची पद्धत आयडीई होती की एएचसीआय, हेही तिथेच पाहावे, कारण सेल काढल्यावर ही मांडणी बदलली तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. म्हणून सेल काढण्यापूर्वी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर बहुधा मशीनमधली मूळ प्रमाणपत्रे, म्हणजे ज्यांच्या आधारावर बाकीची प्रमाणपत्रे तपासली जातात ती, जुनी झालेली असतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक मूळ प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेले आणि मोफत प्रमाणपत्रे वापरणारी असंख्य संकेतस्थळे जुन्या मशीनवर एका दिवसात उघडेनाशी झाली. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रे स्वतःबरोबर बाळगतो, त्यामुळे तेथे ही अडचण कमी येते. क्रोमची विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती १०९ आहे. फायरफॉक्सने ११५ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला जुन्या विंडोजसाठी अनेकदा मुदत वाढवून दिली. यांतले काहीही वापरले तरी बँकेचे व्यवहार, जीएसटीचा भरणा आणि ईमेल या मशीनवर करू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. ही कामे मोबाइलवर किंवा नव्या मशीनवर करावीत.

नेटवर्कवर कसे ठेवावे

छापखान्यात दोन-तीन मशीन एकमेकांना जोडलेली असतात आणि नव्या विंडोजवरून जुन्याचे फोल्डर उघडत नाही, ही नेहमीची अडचण आहे. त्यावर नव्या मशीनमध्ये एसएमबी १ ही फोल्डर सामायिक करण्याची जुनी पद्धत चालू करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. वॉनाक्राय याच जुन्या पद्धतीतल्या दोषातून पसरला होता, आणि म्हणूनच विंडोज १० च्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेली येत नाही. ती गरजेची असते फक्त एक्सपीला. विंडोज ७ ला त्यापुढची पद्धत येते, त्यामुळे तिथे फोल्डर न उघडण्याचे कारण वेगळे असते: जुन्या मशीनवर पासवर्ड नसतो आणि नवी विंडोज बिनपासवर्डचा पाहुणा म्हणून दुसऱ्याचे फोल्डर उघडायला तयार नसते. जुन्या मशीनवर वेगळा वापरकर्ता तयार करावा, त्याला पासवर्ड द्यावा, फोल्डरची परवानगी त्याच्या नावे करावी आणि नव्या मशीनवर तेच नाव-पासवर्ड एकदा भरावे. दहा मिनिटांचे काम आहे.

इंटरनेट तोडायचे पण आपसातले फोल्डर आणि प्रिंटर चालू ठेवायचे, तर केबल काढण्याची गरज नाही. जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला ठरावीक आयपी पत्ता द्यावा आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ हा रकाना कोरा सोडावा. त्यामुळे मशीनला दुकानातली यंत्रे दिसतात, पण बाहेरचा रस्ता सापडत नाही. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि फसतात, कारण आजकालचे राउटर आयपीव्ही ६ या नव्या पत्तापद्धतीचा रस्ता आपोआप देतात. त्याच खिडकीतली आयपीव्ही ६ ची खूण काढली तरच बाहेर जाणे खरोखर थांबते. यामुळे हे मशीन स्वतःहून बाहेर जात नाही एवढेच होते. शेजारच्या नव्या मशीनमध्ये शिरलेला व्हायरस केबलवरून येऊ शकतो, म्हणून जुन्यावरची फायरवॉल बंद करू नये.

राहिला पेन ड्राइव्ह. ग्राहक पत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर आणतो, उघडून पाहावे तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट. हा प्रकार मुंबईतल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याने पाहिलेला आहे. त्या शॉर्टकटवर क्लिक करणे म्हणजेच व्हायरसला आत घेणे. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह जुन्या मशीनला कधीच लावू नये. तो नव्या मशीनवर तपासावा आणि हवी तेवढीच फाइल सामायिक फोल्डरमधून पुढे पाठवावी. रोजचे काम अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून करण्याची सवयही सोडावी. साध्या खात्यातून शिरलेल्या व्हायरसला फार आत पोहोचायला कठीण जाते.

नवे मशीन घेऊन त्यावर जुनी विंडोज

लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून नवे मशीन आणायचे आणि त्यावर विंडोज ७ टाकायची, हा बेत सहसा फसतो. इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि कीबोर्ड मरून पडतात, कारण विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. नव्या मशीनमधली वेगवान एनव्हीएमई डिस्कही तिला मुळात दिसत नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासून विंडोज ७ ला अधिकृत आधार कधी नव्हताच. त्यापेक्षा नव्या मशीनवर नवी विंडोज ठेवावी आणि जुनी विंडोज व्हर्च्युअल बॉक्स या, मशीनच्या आत दुसरे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवावी. मायक्रोसॉफ्टचेच डिस्क टू व्हीएचडी हे साधन चालू मशीनची डिस्क एका फाइलमध्ये उतरवते. यूएसबीचा डोंगल आत पोहोचवता येतो. प्रिंटरच्या जाड पॅरलल पोर्टवरचा जुना डोंगल मात्र बहुधा पोहोचत नाही, तेथे जुने मशीनच जपावे लागते.

विंडोज १० वाल्यांनी एवढी धावपळ करण्याचे कारण नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट देऊ केले आहेत. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात म्हणून चांगले मशीन भंगारात देण्याआधी ही नोंदणी करून घ्यावी.

फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करायचे असेल, तर ते मशीन चालू असतानाच हाती घ्यावे, आणि रूपांतर झाले की मुद्रितशोधन केल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो. रूपांतरात नेमके हेच दोन जागा सोडतात, आणि ‘कार्यक्रम’ किंवा ‘निमंत्रण’ यांसारखे शब्द पत्रिकेवर चुकीचे छापून जातात.

आणि एक काम कागदावरचे. डोंगल कोणत्या पोर्टमध्ये लागतो, सॉफ्टवेअरचा सिरियल क्रमांक काय, आयपी पत्ता कोणता दिला, डिस्कची प्रत कोणत्या तारखेची आणि ती कोणत्या कपाटात आहे, हे सगळे बहुतेक दुकानांत एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तो गणपतीला कोकणात गेला की मशीन अडते. पासवर्ड सोडून बाकी सारे एका चिठ्ठीवर लिहून ती सीपीयूच्या झाकणाला आतल्या बाजूने चिकटपट्टीने लावावी. पुढच्या वेळी सेल बदलायला झाकण उघडणाऱ्याला ती आपोआप सापडते.