कार्डिओ आधी की वजनं आधी? क्रम ठरवायचा कसा

नवा माणूस जिममध्ये आला की ट्रेनरचं ठरलेलं वाक्य येतं, "वीस मिनिटं ट्रेडमिल करून या, मग बघू." यात शास्त्र किती आणि हातातल्या माणसाचे सेट संपेपर्यंत तुम्हाला कुठेतरी गुंतवून ठेवायची सोय किती, हा प्रश्नच आहे. पण त्या वाक्यामुळे बरेच जण वर्षानुवर्षं आधी घामाघूम होईपर्यंत धावतात आणि मग उरल्यासुरल्या ताकदीवर डंबेल उचलतात.

उत्तर सोपं आहे. ज्यात पुढे जायचंय ते आधी करा, अंग ताजं असताना. चरबी उतरवायची असो, अंग भरायचं असो किंवा चाळिशीनंतर हाडं-स्नायू टिकवायचे असोत, वजनं आधी आणि कार्डिओ, म्हणजे धावणं-सायकलसारखा दम लावणारा व्यायाम, नंतर. धावण्याची वेळ कमी करायची असेल तर उलट. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं म्हणजे ते रोजच्या तासाभरात बसवणं.

१. येत्या दोन-तीन महिन्यांसाठी एकच उद्दिष्ट ठरवा

"वजन कमी, बॉडी पण, आणि जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन" असं तिन्ही एकदम मागितलं की क्रमाचा प्रश्न सुटतच नाही. एक निवडा. बाकीच्या गोष्टी बंद करायच्या नाहीत, फक्त त्यांना दुसरा नंबर द्यायचा.

२. वॉर्मअपला कार्डिओ समजू नका

सगळा घोळ इथे होतो. वजनांआधी पाच ते आठ मिनिटं भरभर चालणं किंवा हलकी सायकल हवीच. अंग गरम होतं, सांधे मोकळे होतात. पण दम लागायच्या आत थांबायचं. कपाळावर घामाचे दोन थेंब आले की पुरे, टी-शर्ट भिजायला नको.

खरा वॉर्मअप त्यानंतर, बारखालीच होतो. समजा आज ५० किलोचं स्क्वॅट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक, करायचं आहे. आधी २० किलोचा नुसता बार घेऊन १० रेप्स (एकदा खाली जाऊन वर आलं की एक रेप, आणि न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट). मग ३० किलोचे ५. मग ४० किलोचे ३. मग मिनिट-दीड मिनिट थांबून ५० किलोचा पहिला सेट. ट्रेडमिलवर अर्धा तास घालवूनही गुडघ्यांची आणि कमरेची जी तयारी होत नाही, ती या तीन हलक्या सेट्समध्ये होते, कारण हालचाल तीच असते.

३. जड ते आधी, सुटं ते नंतर

स्क्वॅट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस (पाठीवर पडून बार वर ढकलणं), रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) यांसारखे अनेक सांध्यांचे व्यायाम सुरुवातीला घ्या. बायसेप, ट्रायसेप, पोटऱ्या मागाहून.

आधी पाच किलोमीटर धावून आलात तर काय होतं ते एकदा आरशात बघा. पहिले चार-पाच रेप्स बरे जातात. मग उठताना गुडघे आत वळायला लागतात, छाती पुढे झुकते, आणि जे वजन मांड्यांनी उचलायचं ते कंबर उचलते. मांड्यांमधलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, काही अंशी खर्च झालेली असते, आणि थकलेले स्नायू पूर्वीइतक्या झटक्यात जोर लावत नाहीत. दुखापत होईलच असं नाही, पण वजन वाढत नाही हे नक्की. उलट बाजूला इतका तोटा नाही. वजनं उचलून झाल्यावर बेताच्या गतीनं सायकल मारायला थकलेले पायही चालतात.

या भानगडीचा पहिला गाजलेला अभ्यास १९८० सालचा, रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा. हिक्सन स्वतः पॉवरलिफ्टिंग करणारा. सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत त्याचे वरिष्ठ जॉन होलोझी रोज धावायचे, म्हणून हाही त्यांच्याबरोबर धावू लागला आणि आपली ताकद घटतेय हे त्याच्या लक्षात आलं. पुढे त्यानं तीन गट केले: एक फक्त वजनांचा, एक फक्त दमश्वासाचा, म्हणजे कार्डिओचा, एक दोन्हींचा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद पहिले सहा-सात आठवडे छान वाढली, मग अडली, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरली. दमश्वास मात्र त्यांचाही व्यवस्थित वाढला.

हे वाचून घाबरून कार्डिओ सोडू नका. त्या गटाचा वजनांचा व्यायाम आठवड्यात पाच दिवस आणि कार्डिओ सहा दिवस होता, तोही जीव तोडून. आपल्यातल्या किती जणांचा आठवडा असा असतो? नंतरच्या संशोधनांतून दिसतं ते असं: बेताच्या कार्डिओनं स्नायूंची वाढ फारशी अडत नाही. फटका बसतो तो मुख्यतः झटक्याच्या ताकदीला, म्हणजे उडी, फेक, स्प्रिंट यांना.

४. नंतरचा कार्डिओ किती आणि कसा

वजनांनंतर १५ ते २५ मिनिटं पुष्कळ झाली. गती ओळखायची युक्ती अशी: शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पायांच्या व्यायामाच्या दिवशी पळण्याऐवजी सायकल घ्या किंवा ट्रेडमिलला चढ देऊन चाला. पळताना प्रत्येक पावलाला मांड्यांवर जो आघात येतो, तो सायकलवर येत नाही. दम काढणारी इंटरव्हल्स, म्हणजे जोरात आणि हळू आलटून पालटून, करायची असतील तर पायांच्या दिवसापासून दूर, वेगळ्या दिवशी.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम कार्डिओ आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असा आहे. चार दिवस मिळत असतील तर सोमवारी आणि गुरुवारी पूर्ण अंगाची वजनं व नंतर २० मिनिटं सायकल, मंगळवारी आणि शनिवारी ४० मिनिटं नुसतं भरभर चालणं. झाली १२० मिनिटं. उरलेली तीस भाजी आणायला पायी जाण्यात भरून निघतात, फक्त रमतगमत जायचं नाही.

सकाळी धावणं आणि संध्याकाळी जिम असं जमत असेल तर उत्तमच. मध्ये सहा-सात तास आणि एक नीट जेवण असलं की क्रमाचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

५. धावणं आधी कोणी करावं

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी, यात वाद नाही. पोलीस भरतीच्या मुलामुलींचं गणित मात्र वेगळं आहे आणि ते बहुतेक मैदानांवर चुकतं. शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण असतात, म्हणून पहाटे सगळे जण आधी लांब पळतात. पण १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ मिळून ३० होतात, आणि हे दोन्ही झटक्याच्या ताकदीचे खेळ. दमलेल्या खांद्यानं गोळा (मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा) फेकत राहिलं की लांब फेकायची सवय लागत नाही, दमून फेकायची लागते. म्हणून सगळं एकाच दिवशी करायचं असेल तर वॉर्मअप, मग छोटे स्प्रिंट, मग गोळा, मग जोर-बैठका किंवा वजनं, आणि लांब धावणं सगळ्यात शेवटी. १६०० मीटरची वेळ लावून धावायचं ते वेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी.

६. चरबीचा हिशेब

"आधी वजनं उचलून साखर संपवली की नंतर नुसती चरबी जळते" असं जिममध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. त्या अर्ध्या तासापुरतं इंधनाचं प्रमाण थोडं बदलतं, हे खरं. पण उरलेल्या दिवसात शरीर तो हिशेब पुन्हा जुळवून घेतं. महिन्याभरानं काटा कुठे असेल ते ताटात काय येतं यावर ठरतं. वजनं आधी घ्यायचं कारण स्नायू टिकवणं हे आहे. उपाशीपोटी जड वजनं उचलून चक्कर आणून घेण्यात तर काहीच शहाणपण नाही. तासभर आधी एक केळं खा.

टाइप १ मधुमेह असलेल्यांना क्रमाचा खरोखर फरक पडतो: वजनं आधी घेतली तर कार्डिओत रक्तातली साखर तुलनेनं कमी कोसळते असं दिसलं आहे. तरी ग्लुकोज खिशात हवंच आणि इन्सुलिनचं प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच. हृदयविकार किंवा न आवरलेला रक्तदाब असेल तर क्रमाच्या आधी डॉक्टरांचा होकार.

७. वहीत लिहा, सहा आठवड्यांनी बघा

प्रत्येक वेळी दोनच नोंदी करा: मुख्य व्यायामाच्या शेवटच्या सेटचं वजन आणि रेप्स, आणि ठरलेल्या एकाच वेगावर दहा मिनिटं झाल्यावरची नाडी. वजन वाढतंय आणि नाडी खाली येतेय, तर क्रमाला हात लावू नका. नाडी सुधारली पण स्क्वॅट अडकलं, तर दोन आठवडे पळणं अर्ध्यावर आणा किंवा सायकलवर जा. दोन्ही अडकलं असेल तर क्रम बदलून उपयोग नाही. रात्री किती वाजता झोपता आणि डाळ, अंडी, दही, कडधान्यं रोज ताटात किती येतात, ते आधी तपासा.