खांद्याचा एक्स-रे: दुसरा फोटो सोडू नका

एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. रात्री साडेअकराला फिट येऊन पडलेला तिशीतला माणूस आला. उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला, बाहेर वळवू म्हटलं तर ओरडायचा. मी समोरून एक फोटो काढला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी 'जागेवर आहे' म्हणून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी तो तसाच हात धरून परत आला. खांदा पहिल्या दिवसापासून मागे निखळलेला होता.

निखळलेल्या खांद्यांपैकी ९५ टक्के पुढे निखळतात. ते फिल्मवर लपत नाहीत. मागे निखळलेला मात्र समोरून जवळजवळ जागेवरच वाटतो. फिट किंवा विजेचा शॉक कानावर आला की संशय घ्यायचाच; झटक्यात हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांना भारी पडतात आणि दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मागे जातो. हात आतच अडकतो, म्हणून गोळा विजेच्या बल्बसारखा गोल दिसतो. पण नुसता हात आत वळवलेला असला तरी तसंच दिसतं, तेव्हा एवढ्यावर भरवसा नको.

साधा समोरचा फोटो घेताना पेशंटला दुखऱ्या बाजूकडे ३५ ते ४५ अंश वळवा, सांध्यातली फट मोकळी दिसते. आणि काखेतून दुसरा फोटो हवाच. 'हात उचलतच नाही' हे ऐकून मीही आधी सोडून द्यायचो. हात झोळीतच राहू द्या. पेशंटला टेबलाकडे पाठ करून उभं करा, कॅसेट (फिल्मची चपटी पेटी) टेबलावर, एक्स-रेची ट्यूब वरून सरळ खाली, आणि त्याला मागे थोडं कलायला सांगा. मागे एक माणूस आधाराला ठेवा, चक्कर येते. त्या माणसाला लेड एप्रन द्यायला विसरू नका (मी विसरलोय). तेही जमलं नाही तर खवाट्याचा वाय व्ह्यू, म्हणजे खवाटा इंग्रजी Y सारखा दिसेल असा बाजूचा फोटो.

स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) फाटल्याची शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय. तो डॉक्टरांचा निर्णय. सोनोग्राफीत प्रोब जरा तिरका झाला की चांगला स्नायूबंधही काळा पडून फाटल्यासारखा दिसतो, एवढं डोक्यात असू द्या.

चिठ्ठीवर नुसतं 'शोल्डर एपी', म्हणजे खांद्याचा फक्त समोरचा फोटो, असेल तर मी आता डॉक्टरांना फोन करून दुसरा फोटोही काढू का विचारतो. परवा डॉक्टर वैतागले, मग म्हणाले, "बरं, काढ."