पियानोच्या बाईंची आठवण जपायची, तर जुन्या वह्यांपासून सुरुवात करा

आवडत्या शिक्षकांसाठी काही करायचं ठरलं की आधी सभागृह, हार आणि भाषणं आठवतात. ते जरूर करा, पण नंतर. बाईंचं (सर असतील तर सरांचं) शिकवणं खरं उरलेलं असतं ते विद्यार्थ्यांच्या स्वरलिपीच्या पुस्तकांत, पेन्सिलीच्या खुणांमध्ये. पियानोवादक चेर्नी संगीतकार बेथोव्हेनकडे शिकला आणि पुढे पियानोवादक-संगीतकार लिस्टला त्याने शिकवलं. बेथोव्हेनच्या पियानोरचना कशा वाजवायच्या, हे चेर्नीने सविस्तर लिहून ठेवलं, म्हणून ते आज वाचता येतं. लिस्टने १८५२ साली आपले अवघड एट्यूड (सरावाच्या रचना) छापले तेही आपल्या या गुरूला अर्पण करून.

शक्य तितक्या विद्यार्थ्यांकडून बाईंच्या खुणा असलेली पुस्तकं मागवा. शिकणं सोडून वीस वर्षं झालेल्यांना आधी विचारा, कारण घर आवरताना त्यांचीच पुस्तकं रद्दीत जातात. स्कॅन रंगीतच करा, ४०० डीपीआयवर (दर इंचाला ४०० ठिपके). खुणा फार पुसट असतील तर ६००. काळा-पांढरा मोड पेन्सिलीची फिकट रेघ पांढऱ्यात जमा करतो. मग छापील सूर तेवढे स्वच्छ दिसतात आणि नेमकं हवं ते गायब होतं. पुस्तकाची पाठ मोडेल इतकं दाबू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग सुरांवर चढतो. मूळ स्कॅन टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेवा, वाटायला पीडीएफ करा. फाइलच्या नावात रचना, पान, विद्यार्थी आणि शिकल्याचं साल हवंच. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

आता खरं काम. एकच रचना शिकलेल्या चार-पाच जणांची तीच पानं शेजारी ठेवा. समजा, तिसऱ्या ओळीत एकाच्या पानावर कोणत्या बोटाने वाजवायचं त्याचा छापील आकडा ४ खोडून ३ लिहिलाय, दुसरीच्या पानावर ४ तसाच आहे, पण त्याच जागी विरामाभोवती गोल मात्र सगळ्यांकडे आहे, एकीकडे तर कागद फाटेस्तोवर गिरवलेला. गोल ही बाईंची ठाम समजूत: इथे हात उचलायचाच. बोटाचा आकडा बदलला तो बहुधा त्या मुलाचा पंजा पाहून. सगळीकडे सारखं काय आणि माणसागणिक वेगळं काय, याची दोन रकान्यांत नोंद करा. बाई कशा शिकवत, हे दहा भाषणांपेक्षा या तक्त्यातून जास्त कळतं. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या खुणा त्यात मिसळलेल्या असतात, म्हणून अक्षर कोणाचं ते ज्याचं पुस्तक त्यालाच विचारा. अंदाजाने लिहू नका.

आठवणी रेकॉर्ड करताना ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलंत तर ‘फार प्रेमळ’ एवढंच हाती लागेल. त्याऐवजी: पहिल्या तासाला काय करायला लावलं? चूक झाली की कुठून पुन्हा वाजवायला सांगायच्या? पेडल कधी वापरू दिलं? उत्तर देणाऱ्याला पियानोसमोरच बसवा. बोलता बोलता हात पट्ट्यांवर जातो आणि तोंडाने न सांगता येणारं वाजवून दाखवलं जातं.

कार्यक्रमाचं गणित साधं आहे. बारा वादक, प्रत्येकी ४ मिनिटं, शिवाय स्टूल वर-खाली करून बसायला दीड मिनिट, म्हणजे ६६ मिनिटं झाली. भाषणांना दहा, बस. वाजवणं सुटलेल्यांना एकट्याने बसवू नका, एकाच पियानोवर दोघांनी मिळून वाजवायची, चार हातांची सोपी रचना द्या. पेडल डावीकडे बसून खालचे सूर वाजवणाऱ्याकडे असतं, तिथे सराव असलेला विद्यार्थी हवा.

पियानो जागेवर आणल्यावरच ट्यून करून घ्या. बरीच वर्षं हात न लागलेला असेल तर एका बैठकीत भागत नाही. दोनशेहून जास्त तारांचा ताण वाढला की साउंडबोर्ड (आवाज मोठा करणारी लाकडी फळी) दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. पहिली फेरी दोन-तीन आठवडे आधी, शेवटची आदल्या दिवशी.

बाई हयात असतील तर अचानक धक्का देण्याचा मोह आवरा. आधी सांगितलंत तर खुणांमागची कारणं त्या स्वतः सांगतील, आणि एखादी खूण आता पटत नाही, असंही म्हणतील. तेही नोंदवा.

शेवटी निवडक पानांची पुस्तिका काढा. रचनाकाराला जाऊन शतक लोटलं असलं तरी संपादित आवृत्तीवर प्रकाशकाचा हक्क असू शकतो. अशी पानं परवानगीशिवाय छापू नका. त्याऐवजी बारचा (दोन उभ्या रेघांमधल्या भागाचा) क्रमांक आणि तिथली बाईंची सूचना एवढंच द्या. बांधणी स्पायरल हवी, म्हणजे पुस्तिका स्टँडवर सपाट उघडी राहते. कागद चकचकीत नको: दिव्याखाली चमकतो, आणि पुढच्या विद्यार्थ्याची पेन्सिल त्यावर उमटत नाही.