संस्थेचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा, तो कसा थांबला

लक्षण: स्वयंसेवेचं काम आवडतं, पण फोन वाजला की धस्स होतं, झोप झाली तरी थकवा जात नाही, राग निघतो घरच्यांवर. पहाटे उठून पाहिलं, याद्या केल्या, आठवडाभर सुट्टीही घेतली. परतलो तर काम दुप्पट तुंबलेलं. वैतागून राजीनामा लिहून ठेवला होता.

(जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या व्याख्येत ‘बर्नआउट’ (कामाच्या सततच्या ताणाने येणारा थकवा) फक्त नोकरीधंद्यातला. बिनपगारी माणसांचा त्यात उल्लेखच नाही!)

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी दोन आठवडे प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहिली. आठवड्याच्या अकरा तासांतले जवळजवळ पाच निरोपांना उत्तरं देण्यात जात होते. मग प्रत्येक ओळीपुढे ‘मीच का?’ लिहिलं. जिथे उत्तर सुचेना, अशी तीन कामं दुसऱ्यांना दिली. पानभर टिपण, किल्ली, पासवर्ड सगळं सोपवून. नुसतं ‘जरा मदत कर’ म्हटलं की काम फिरून आपल्याकडेच येतं. त्यानंतरच वेळ बांधली: मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. हे आधी केलं असतं तर तुंबलंच असतं. नवीन कामाला आता एकच उत्तर, ‘उद्या सांगतो.’

राजीनामा अजून ड्रॉफ्टमध्येच आहे.