लोणारच्या एका प्रतिमेवरून शिकावी सुदूर संवेदनाची परिभाषा

सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहासारख्या साधनाने दुरून जमिनीची माहिती नोंदवणे, आणि अंकीय नकाशांकन, म्हणजे संगणकावर नकाशे करणे, या विषयांतील संज्ञा शिकण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे: आपल्या ओळखीच्या एखाद्या ठिकाणाची उपग्रहप्रतिमा स्वतः उघडावी आणि प्रत्येक संज्ञेचा अर्थ त्या प्रतिमेत शोधावा. या लेखात त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर घेतले आहे. ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे असून जवळजवळ गोल आहे. त्यात पाणी, झाडी, उतार आणि काठावर वस्ती असे सगळे थोडक्या जागेत आढळते. सेंटिनेल-2 उपग्रहांच्या प्रतिमा कोपर्निकस ब्राउझरवर, तर लँडसॅटच्या प्रतिमा अर्थ एक्सप्लोररवर नोंदणी केल्यानंतर विनामूल्य मिळतात, आणि त्या उघडण्यासाठी क्यूजीआयएस ही मुक्त संगणकप्रणाली पुरेशी आहे.

आरंभ पिक्सेलपासून करावा. उतरवलेली प्रतिमा शक्य तेवढी मोठी करून पाहिली की ती चौकोनी घरांची जाळी असल्याचे दिसते. अशा जाळीच्या स्वरूपातील माहितीला रास्टर म्हणतात आणि तिच्यातील एका घराला पिक्सेल. एका पिक्सेलने जमिनीचा जेवढा तुकडा व्यापलेला असतो, त्यावरून अवकाशीय विभेदन ठरते. सेंटिनेल-2 च्या मुख्य पट्ट्यांत (पट्टा किंवा बँड म्हणजे प्रकाशाचा स्वतंत्रपणे नोंदवलेला एक भाग) हा तुकडा 10 मीटर बाजूचा असल्यामुळे लोणारच्या विवराच्या व्यासावर सुमारे 180 पिक्सेल बसतात. लँडसॅटच्या 30 मीटरच्या प्रतिमेत ते 60 होतात, आणि भारताच्या रिसोर्ससॅट मालिकेतील एविफ्स या 56 मीटर विभेदनाच्या संवेदकाच्या प्रतिमेत 32 च्या आसपास उरतात. शेतीसाठी हाच हिशेब एकरात करावा: एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर, म्हणून त्यात सेंटिनेल-2 चे 40 पिक्सेल मावतात, लँडसॅटचे जेमतेम साडेचार. एका एकराच्या तुकड्यातील पिकाविषयी लँडसॅटवरून ठाम विधान करणाऱ्याने ही संख्या आधी लिहून काढावी, असा माझा आग्रह आहे, कारण त्या साडेचारांपैकी बहुतेक पिक्सेल बांधावर पडतात आणि त्यांत शेजारचे शेतही मिसळलेले असते. अशा पिक्सेलला मिश्र पिक्सेल म्हणतात. लोणारच्या सरोवराच्या काठावर ते सहज दिसतात. त्यांचे मूल्य पाण्याचेही नसते आणि झाडीचेही नसते.

विभेदन या शब्दाऐवजी पुष्कळदा ‘स्पष्टता’ असा शब्द वापरला जातो, तो टाळावा. 20 मीटरच्या पट्ट्याची प्रतिमा संगणकावर 10 मीटरच्या जाळीत बसवता येते, या क्रियेला रीसॅम्पलिंग म्हणतात. परंतु त्यामुळे जमिनीवरचा कोणताही नवा तपशील त्या प्रतिमेत येत नाही. शिवाय विभेदन एकाच प्रकारचे नसते. उपग्रहाने एकाच जागेचे चित्र पुन्हा घेण्यास जो कालावधी लागतो, त्याला कालिक विभेदन म्हणतात. 2020 च्या जून महिन्यात लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लँडसॅट 8 च्या 25 मे आणि 10 जून या दोन दिवसांच्या प्रतिमांत तो बदल उघड दिसला. त्या दोन तारखांतील अंतर नेमके 16 दिवसांचे आहे, आणि त्या उपग्रहाचा पुनर्भेटीचा कालावधीही तोच आहे. मधल्या काळात पाण्याचा रंग कोणत्या दिवशी पालटू लागला, हे केवळ त्या एका उपग्रहावरून सांगता येत नाही. सेंटिनेल-2 चे दोन उपग्रह मिळून हे अंतर पाच दिवसांवर आणतात. मूल्ये किती पायऱ्यांत नोंदवली जातात ते किरणमापी विभेदन होय: 12 बिट म्हणजे 4,096 पायऱ्या, 14 बिट म्हणजे 16,384. लँडसॅट 8 आणि लँडसॅट 9 यांत हाच फरक आहे.

वर्णपटीय विभेदन, म्हणजे संवेदक प्रकाशाचे किती आणि किती अरुंद पट्टे वेगळे नोंदवतो ते, समजण्यासाठी ‘बँड’ ही संज्ञा नीट समजून घ्यावी लागते. सेंटिनेल-2 चा संवेदक प्रकाशाचे 13 पट्टे वेगवेगळे नोंदवतो; त्यांपैकी निळा, हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) हे चार 10 मीटरचे असून त्यांचे क्रमांक अनुक्रमे 2, 3, 4 आणि 8 आहेत. क्यूजीआयएसमध्ये लाल रंगाच्या जागी पट्टा 4, हिरव्याच्या जागी 3 आणि निळ्याच्या जागी 2 ठेवला, तर डोळ्यांना दिसते तशी नैसर्गिक रंगाची प्रतिमा मिळते. त्याऐवजी 8, 4, 3 असा क्रम ठेवला की छद्मरंगी प्रतिमा तयार होते. कार्यालयांतून तिला एफसीसी (फॉल्स कलर कॉम्पोझिट) म्हणतात. निरोगी पाने निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, म्हणून विवराच्या उतारावरची झाडी या प्रतिमेत लालभडक दिसते. येथे नवशिक्याची हमखास गफलत होते. छद्मरंगी प्रतिमेतील लाल रंग वनस्पतीचा निदर्शक असतो, आणि सरोवराचा गुलाबी रंग पाहावयाचा असेल तर नैसर्गिक रंगसंगतीकडेच यावे लागते.

पट्ट्यांच्या संख्यांवर गणित करण्याआधी त्या संख्या कशाच्या आहेत, हे तपासणे अत्यावश्यक आहे. माझ्या मते संपूर्ण परिभाषेतील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. संवेदकाने नोंदवलेला कच्चा आकडा, त्यावरून काढलेली दीप्ती, म्हणजे संवेदकापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाची तीव्रता, आणि तिच्यावरून काढलेले परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी परत फिरलेला अंश, या तीन निराळ्या राशी आहेत. परावर्तनाचेही दोन प्रकार असतात: वातावरणाच्या माथ्यावरचे, म्हणजे धूळ आणि बाष्प यांच्या परिणामासह मोजलेले, आणि तो परिणाम वजा करून काढलेले पृष्ठभागाचे. सेंटिनेल-2 मध्ये पहिल्याला स्तर 1सी आणि दुसऱ्याला स्तर 2ए म्हणतात, आणि फाइलच्या नावातच हा स्तर लिहिलेला असतो. दोन तारखांची तुलना करताना दोन्ही प्रतिमा 2ए स्तराच्याच घ्याव्यात. फाइलमधील पूर्णांकाला 10,000 ने भागले की परावर्तन मिळते; मात्र 25 जानेवारी 2022 पासूनच्या प्रक्रियेत त्या आकड्यांत 1,000 मिळवलेले असतात, म्हणून भागाकारापूर्वी ते वजा करावे लागतात. काही ठिकाणी ही वजाबाकी आधीच केलेली असते, तेव्हा प्रतिमेसोबतची मेटाडेटा फाइल, म्हणजे माहितीविषयीची माहिती, उघडून खात्री करावी.

त्यानंतर निर्देशांक, म्हणजे पट्ट्यांच्या मूल्यांवरून काढलेल्या सूचक संख्या, काढता येतात. निकट-अवरक्तातून लाल वजा करून आलेल्या संख्येला त्या दोहोंच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक मिळतो. हिरवा आणि निकट-अवरक्त यांवर तसेच गणित केले की पाण्याचा एनडीडब्ल्यूआय मिळतो. दोन्हींचे मूल्य उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान असते. लोणारचे पाणी क्षारयुक्त असून त्यात शैवाल विपुल असते, त्यामुळे तेथील पाण्याचा निर्देशांक स्वच्छ पाण्याच्या धरणासारखा येईल असे गृहीत धरू नये. पावसाळ्यात ढगांमुळे हे काम थांबते; अशा वेळी सेंटिनेल-1 सारख्या रडार उपग्रहाची प्रतिमा घ्यावी, जिच्यात संथ पाणी काळे दिसते, कारण त्यावरून रडारचा संकेत दुसरीकडे परावर्तित होतो.

आता नकाशाकडे वळावे. सरोवराचा काठ माउसने आखला की बहुभुज तयार होतो. बिंदू, रेषा आणि बहुभुज यांच्या रूपातील माहितीला व्हेक्टर म्हणतात, आणि त्यांना जोडलेल्या नोंदी गुणधर्म तक्त्यात राहतात. क्षेत्रफळ काढण्यापूर्वी निर्देशक पद्धती, म्हणजे स्थान कोणत्या प्रकारच्या आकड्यांत सांगितले आहे ते, पाहावी. माउस लोणारवर असताना खाली 76.5 आणि 19.98 असे आकडे दिसले, तर ते रेखांश आणि अक्षांशाचे अंश आहेत, आणि अंशांच्या चौरसाला क्षेत्रफळ म्हणून अर्थ नाही. पूर्वेचा आकडा साडेसहा लाखांच्या पुढे आणि उत्तरेचा 22 लाखांच्या आसपास असेल, तर ते यूटीएम प्रक्षेपणाचे मीटर आहेत; या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीत, पृथ्वीचे रेखांशानुसार उभे पट्टे करतात आणि अशा प्रत्येक पट्ट्याला झोन म्हणतात. महाराष्ट्राचा मोठा भाग यूटीएमच्या 43 व्या झोनमध्ये येतो, तर 78 अंश रेखांशाच्या पूर्वेकडील नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा प्रदेश 44 व्या झोनमध्ये. दोन्ही झोनमधील थर जोडण्याआधी ते एकाच पद्धतीत आणावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी भूपत्रके (छापील नकाशे) एव्हरेस्ट आधारतलावर काढलेली आहेत आणि उपग्रहप्रतिमा डब्ल्यूजीएस 84 या आधारतलावर असते (आधारतल म्हणजे स्थाने मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा ठरावीक आकार), म्हणून रूपांतर न करता भूपत्रक प्रतिमेवर टाकले की ते जागेवरून सरकलेले दिसते, आणि 10 मीटरच्या जाळीवर ही चूक अनेक पिक्सेलांची होते.

काठ आखून झाल्यावर भूसत्यापन करावे, म्हणजे काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन, जीपीएसने स्थान नोंदवून, प्रतिमेत पाणी म्हणून धरलेली जागा खरोखर पाण्याखाली आहे का ते पाहावे. ही पाहणी प्रतिमेच्या तारखेच्या जितकी जवळ करता येईल तितकी चांगली, कारण सरोवराची पातळी ऋतूनुसार बदलते. तयार नकाशाखाली उपग्रह, प्रतिमेची तारीख, प्रक्रियेचा स्तर, वापरलेले पट्टे, झोन आणि आधारतल लिहावेत. प्रमाण मात्र ‘1:50,000’ असे आकड्यात न देता रेषाप्रमाणाने दाखवावे, कारण पडद्यावर नकाशा मोठा केला की आकड्यातील प्रमाण चुकते आणि रेषा नकाशाबरोबरच वाढते.